आकडा मंडळाचा, पाऊस शिवाराचा



'वडूज मंडळात इतके मिलिमीटर पाऊस' असा आकडा पेपरात येतो आणि वाचणारा म्हणतो, "आमच्या रानात तर थेंबबी नाही!" दोघेही खरेच असतात. माण-खटावात वळीव ओढ्याच्या एका काठाला कोसळतो, दुसरा काठ कोरडाच राहतो. मंडळात गावे अनेक, पर्जन्यमापक मात्र एखादाच.

२०१७ पासून महावेध प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. मोजणी सुधारली, हे मान्य. पण यंत्र झाडाच्या आडोशाला असेल किंवा नरसाळ्यात पाला अडकला असेल, तर आकडा चुकणारच. झाड-इमारत आपल्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. जुन्या नोंदीत न मोजलेल्या दिवशी शून्य लिहिले असेल, तर तीही फसवणूकच.

हा प्रश्न कागदापुरता नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला तर अतिवृष्टी धरतात. बंधारा, पाझर तलाव, गावाचा पाण्याचा ताळेबंद याच आकड्यांवर ठरतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. ५०० हेक्टरच्या शिवारात ५० मिलिमीटरची चूक झाली, तर हिशेब २५ कोटी लिटरने चुकला! मग तलाव बांधून होतो, पण भरत नाही.

जिल्ह्याच्या सरासरीवर तर मुळीच विसंबू नका. त्यात महाबळेश्वरचा धो धो पाऊसही येतो, आपण पर्जन्यछायेतले. आपल्या मंडळाचे २० वर्षांचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा. पंधरावा आकडा साधारण चारपैकी तीन वर्षे मिळणारा पाऊस दाखवतो. नियोजन त्यावर करा. एखाद्या वर्षाचा आकडा शेजारच्या मंडळांशी अजिबात जुळत नसेल, तर आधी त्याची चौकशी करा.

सरपंच आणि भाऊसाहेबांना विनंती, ग्रामपंचायतीने उघड्या जागी साधा पर्जन्यमापक बसवावा. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहावे. मोजणी चुकली तर शून्य न लिहिता 'मोजले नाही' असे लिहावे. या वहीला सरकारी मोजणीचा मान नाही, हे खरे. पण ग्रामसभेत तलावाची जागा ठरवताना आणि तालुक्याला तक्रार नेताना हातात काहीतरी असेल. नुसत्या "यंदा पाऊस कमीच" या बोलण्याला कोण विचारतो?

येत्या मृगाआधी एवढे कराच.