उन्हातला चष्मा



गेल्या आठवड्यात खेळाच्या तासाला आमच्या चौथीतला एक मुलगा झाडाखाली एकटाच बसलेला दिसला. चष्मा दप्तरात आणि डोळे बारीक केलेले. "का रे, खेळत नाहीस?" तर म्हणाला, "ऊन लई लागतंय बाई डोळ्यांवर. आईनं सांगितलंय, नंबर वाढंल, सावलीत बस."

खरं सांगते, मीही मान डोलावली. घरी गेल्यावर मात्र चुटपुट लागली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं, आणि कळलं की आम्ही दोघीही चुकलो होतो. त्याची आई आणि मी!

उन्हात दोन गोष्टी असतात, बरं का. एक दिसणारा लख्ख उजेड. तो डोळे दिपवतो. दुसरे अतिनील किरण. ते दिसत नाहीत, टोचत नाहीत, पण वर्षानुवर्षं डोळ्यात जात राहिले तर पुढे मोतीबिंदू व्हायला हातभार लावतात. आणि लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा नितळ असतं, म्हणून हे किरण तुमच्या डोळ्यात जास्त आतपर्यंत पोहोचतात.

गंमत अशी, की या दोन गोष्टी बरोबरीनं येतीलच असं नाही. आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबर. ढग आडवे आले नाहीत, तर मावळतीचे किरण महाद्वारातून थेट आत जातात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. इतके आडवे! असल्या उन्हात पश्चिमेकडे सायकल चालवा, टोपी घातली तरी समोरचं काही दिसत नाही. पण हवेच्या जाड थरातून आल्यामुळे त्यात अतिनील किरण कमी उरलेले असतात. भर दुपारचं याच्या उलट. ऊन डोक्यावर असल्यानं डोळे तितके दिपत नाहीत, पण अतिनील किरण तेव्हाच सर्वांत जास्त. ओळखायचं कसं? आपली सावली बघायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असली, की टोपी हवीच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस तर कोल्हापुरात भर दुपारी सावली पायाखाली गुडूपच होते.

आता सांगा, जोतिबाच्या यात्रेत हट्ट करून घेतलेला काळाकुट्ट गॉगल चांगला की वाईट? काळेपणावरून सांगताच येत नाही! काळी काच उजेड कमी करते. अंधारलं म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा काचेनं अतिनील किरण अडवले नाहीत, तर त्या मोठ्या दारातून ते जास्तच आत शिरतात. उलट पॉलिकार्बोनेटची काच पाण्यासारखी स्वच्छ असूनही जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. शिवाय ती सहसा फुटत नाही, म्हणजे खेळणाऱ्या मुलांना दुहेरी फायदा. साध्या काचेतून मात्र यातले बरेच आरपार जातात.

म्हणून पालकांनो, चष्मा करताना 'यूव्ही ४००' काच आहे का, एवढं विचाराच. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ती अडवते, असा त्याचा अर्थ. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नंबरचा गॉगल किंवा चष्म्यावर अडकवायची क्लिप घेतानाही हेच विचारा. उन्हात आपोआप काळी होणारी काचही मिळते. पण ती अतिनील किरणांनी काळी होते आणि मोटारीची पुढची काच तेच किरण अडवते, त्यामुळे गाडीत ती फारशी काळी होत नाही. मला विचाराल तर लहान मुलाला महागड्या गॉगलआधी रुंद काठाची टोपी घ्यावी.

आणि हो, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसायचा नाही! धुळीनं काचेवर ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा ऊन इकडेतिकडे उधळतो. आमच्या त्या मुलाचा चष्मा बघितला, तर नुसती जाळी झालेली! ऊन लागणार नाही तर काय? आधी नळाखाली धुवावा, मग मऊ सुती कापडानं टिपावा. सूर्याकडे मात्र थेट कधीच बघायचं नाही, चष्मा, गॉगल काहीही लावून नाही.

राहिला नंबर वाढण्याचा प्रश्न. चीनमधल्या ग्वांगझू शहरात २०१० ते २०१३ अशी तीन वर्षं बारा शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर पाठवलं. तीन वर्षांनी नेहमीसारख्या शाळांत शंभरातल्या जवळजवळ ४० मुलांना लांबचं दिसेनासं झालं होतं, बाहेर जाणाऱ्यांत सुमारे ३० जणांना. म्हणजे चष्मा लागू नये म्हणून मुलांना उजेडात पाठवायचं, आणि आम्ही चष्मा लागलेल्याला सावलीत बसवत होतो!

त्याच्या आईला शाळेत बोलावून हे सगळं सांगितलं. परवा तो टोपी घालून, चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधून गोलकीपर झाला होता. दोन गोल खाल्ले. "ऊन समोर होतं बाई," म्हणाला. बघितलं तर खरंच पश्चिमेकडे तोंड होतं. मग हाफटाइमला बाजू बदलून दिली.