चाकाचा ताप

हौसेखातर शर्यतीच्या मार्गावर मोटार पळविणाऱ्या तरुणांनीं टायरचें उष्णतामान मोजणारें यंत्र विकत न घेतां स्वतः रचावें, असें आमचें मत आहे. आमच्या किहीमास १९३० सालीं सलीम अली यांनीं सुगरणींचीं घरटीं न्याहाळून एका नराच्या अनेक माद्या असतात हें उजेडांत आणिलें, तें कांहीं भारी उपकरणांच्या जोरावर नव्हे! अवरक्त किरण टिपणारे तीन स्वस्त संवेदक टायरच्या दोन्ही कडांवर व मध्यावर रोखावे. मध्य अधिक तापला तर हवा जास्त. कडा तापल्या तर कमी. संवेदक दूर बसविल्यास मात्र तो टायरबरोबर रस्त्याचीही उष्णता मोजतो; हें मर्म आयतें यंत्र घेणारा क्वचितच जाणतो. वितळत्या बर्फावर तो शून्य अंश दाखवितो कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें.