शंभर वर्षांतून एकदा?

प्रोबॅबिलिटी म्हटलं की आपल्याला आठवतात पासिंगपुरते फॉर्म्युले! २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. अशा वेळी लोक म्हणतात, "असा पूर शंभर वर्षांतून एकदाच, आता निवांत!" साफ चूक. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. मग ३० वर्षांत एकदा तरी येण्याची? १ वजा ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के! आपल्या चेणे गावात डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर मोरी बांधणाऱ्या इंजिनीअरला हे कळायलाच हवं. म्हणून सरांना विनंती : परीक्षेत उत्तरासोबत त्याचा अर्थही विचारा. आमचे मार्क कमी पडले तरी चालेल, मोरी कमी पडायला नको.