मनातलं ओळखणारे बाबा, ३० लाखांचं आव्हान आणि न झालेली परीक्षा

होटगी (ता. दक्षिण सोलापूर) : घरात कन्नड, बाजारात मराठी आणि मोबाईलवर हिंदी, अशी आपल्या भागाची तऱ्हा. त्या मोबाईलवर सध्या एक व्हिडिओ हमखास येतो. मोठा मांडव, हजारोंची गर्दी. मंचावरून महाराज गर्दीतल्या एकाला पुढं बोलावतात. तो काही बोलायच्या आधीच महाराजांनी कागदावर काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. तो आपलं दुःख सांगतो, मग कागद दाखवतात. दुःख त्यात आधीच लिहिलेलं! बाई रडायला लागते, मांडवात जयजयकार होतो. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "बघा, आता तरी विश्वास ठेवा."

विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ठेवायच्या आधी जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात काय घडलं, तेवढं माहीत असलेलं बरं. कारण असल्या दाव्याची उघड परीक्षा घ्यायची संधी महाराष्ट्रात तेव्हा आली होती.

नागपुरात काय झालं?

मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यात गढा नावाचं गाव आहे. तिथलं बागेश्वर धाम आणि तिथले धीरेंद्र कृष्ण शास्त्री आज देशभर माहीत आहेत. जन्म १९९६ चा. म्हणजे तिशीच्या आतच हा माणूस देशभर पोहोचला. कथा सांगणारे आपल्याकडं कमी नाहीत. यांचं नाव झालं ते 'दिव्य दरबारा'मुळं. समोरच्याची अडचण न सांगता ओळखायची आणि चिठ्ठीवर लिहायची, ही त्या दरबाराची खासियत. धार्मिक चॅनलवरून आणि यूट्यूबवरून हे दरबार घराघरात गेले.

जानेवारी २०२३ मध्ये त्यांची रामकथा नागपुरात रेशीमबाग मैदानावर होती. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे प्रा. श्याम मानव यांनी तिथं आव्हान दिलं. अनोळखी माणसं समोर आणू, त्यांची नावं, वडिलांची नावं, मोबाईल नंबर सांगा. शेजारच्या खोलीत वस्तू ठेवू, त्या ओळखा. नव्वद टक्के उत्तरं बरोबर आली तर ३० लाख रुपये घ्या. समितीनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांकडं तक्रारही केली.

कथा १३ तारखेपर्यंत चालणार असं आधी जाहीर होतं, ती ११ तारखेलाच संपली. समिती म्हणाली, महाराज पळाले. महाराज म्हणाले, कथा ठरल्याप्रमाणंच झाली, आव्हान द्यायचं असेल तर रायपूरच्या दरबारात या. मानव म्हणाले, परीक्षा नागपुरातच आणि आधी ठरलेल्या अटींवर व्हावी. मग रायपूरला टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर चिठ्ठ्या निघाल्या, दिवसभर चॅनलवर तेच चाललं. मानव यांना धमक्या आल्या, त्यांचा पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला.

२५ जानेवारीला नागपूरचे तेव्हाचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी सांगितलं की कार्यक्रमाचे व्हिडिओ तपासले, कायद्याखाली गुन्हा होईल असं काही आढळलं नाही. भक्तांनी हा विजय मानला.

पण नीट बघा. पोलिसांनी तपासलं ते एवढंच, की कायदा मोडला का. महाराजांना खरंच मनातलं कळतं का, हे तपासणं पोलिसांचं काम नव्हतं. ते तपासायला परीक्षा लागत होती आणि ती झालीच नाही. त्यामुळं "पोलिसांनी शक्ती मान्य केली" असं ग्रुपवर फिरतं ते खोटं, आणि "पोलिसांनी बाबाला पकडलं" असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं.

त्याच महिन्यात संत तुकाराम महाराजांच्या संसाराबद्दल केलेल्या वक्तव्यावरून शास्त्रींवर वारकऱ्यांनी नाराजी दाखवली आणि त्यांना माफी मागावी लागली. सगळ्यांच्या मनातलं ओळखणाऱ्याला वारकऱ्यांच्या मनातलं आधी कळलं नाही, असं तेव्हा लोक म्हणाले ते उगीच नाही.

न सांगता कसं कळतं?

नागपुरात नेमकं काय होत होतं हे परीक्षेशिवाय कुणीच सांगू शकत नाही, म्हणून त्यावर आपण निकाल देत नाही. पण असे प्रयोग जगभर जादूगार मंडळी रंगमंचावर करतात आणि ती हातचलाखी आहे हे ते स्वतः सांगतात. त्याचे दोन-तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, सगळ्यांना लागू पडेल असं बोलायचं. "घरात जमिनीवरून वाद आहे. पैसा येतो पण टिकत नाही. घरातल्या एका बाईला गुडघ्याचा किंवा कंबरेचा त्रास आहे." आता सांगा, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं कुठलं घर यातून सुटेल? भावकीचा बांध कुणाच्या शेतात नाही? समोरचा माणूस मान हलवतो, चेहरा बदलतो, त्यावरून पुढचं वाक्य ठरतं. दहापैकी सात चुकलं तरी घरी जाताना आपण बरोबर आलेली तीनच सांगतो.

दुसरा मार्ग, आधीच माहिती काढायची. नाव नोंदवताना फॉर्म भरला जातो, त्यात नाव, गाव, फोन नंबर असतो. रांगेत शेजारी बसलेला माणूस सहज विचारतो, "काय त्रास आहे ताई?" आणि आपलं फेसबुक तर उघडंच. मुलीचं बारसं, आजोबांचं वर्षश्राद्ध, नव्या ट्रॅक्टरची पूजा, सगळं फोटोसकट. ते बघायला दिव्यदृष्टी लागत नाही, नेटपॅक लागतो.

तिसरा मार्ग कात्रीचा. तीन तासांच्या कार्यक्रमातून तीन मिनिटं आपल्यापर्यंत येतात. चुकलेलं कुणी पाठवत नाही.

अमेरिकेतली गोष्ट, पण आपल्या कामाची

आपण म्हणू, हे अडाणी लोकांचं. तसं अजिबात नाही. अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचा प्रवचनकार टीव्हीवर गाजत होता. गर्दीतल्या माणसाचं नाव, पत्ता, आजार देव सांगतो असं तो म्हणायचा. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगारानं आणि त्याच्या साथीदारांनी रेडिओ यंत्र लावून ऐकलं. पोपॉफच्या कानात बारीक यंत्र होतं आणि त्याची बायको लोकांनी भरून दिलेली कार्डं बघून त्याला माहिती सांगत होती. ते ध्वनिमुद्रण टीव्हीवर देशभर ऐकवलं गेलं. पुढच्या वर्षी पोपॉफनं दिवाळं जाहीर केलं. पण गोष्ट तिथं संपली नाही. काही वर्षांनी तो परत टीव्हीवर आला, या वेळी चमत्काराचं पाणी घेऊन. उघडं पडल्यावर धंदा बंद पडतोच असं नाही, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट जास्त जिवाला लागणारी आहे. सिल्व्हिया ब्राऊन ही बाई मेलेल्यांशी बोलते म्हणून अमेरिकेच्या टीव्हीवर प्रसिद्ध होती. २००४ मध्ये अमांडा बेरी या हरवलेल्या मुलीची आई तिच्या कार्यक्रमात आली. ब्राऊननं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, तुझी मुलगी जिवंत नाही. आई खचली आणि २००६ मध्ये वारली. मे २०१३ मध्ये अमांडा जिवंत सापडली. तिला त्याच क्लीव्हलँड शहरात एका घरात दहा वर्षं कोंडून ठेवलं होतं. मुलगी जिवंत होती आणि आई ती मेली असं मानून गेली.

ब्राऊननं हरवलेल्या आणि खून झालेल्या माणसांबद्दल सांगितलेली ११५ प्रकरणं अभ्यासकांनी २०१० मध्ये तपासली. एकातही ती नक्की बरोबर होती असं निघालं नाही.

होटगी जंक्शनच्या गावाला ही गोष्ट लांबची वाटू नये. इथून वाडीकडं गाडी जाते, विजयपूरकडं जाते. पोरगं रुसून गाडीत बसलं तर दोन तासांत दुसऱ्या राज्यात. अशा वेळी पहिले काही तास महत्त्वाचे. ते तास कुणाच्या दरबारात नंबर लावण्यात गेले तर शोध तेवढा लांबतो. आधी ११२ ला फोन, लहान मूल असेल तर १०९८, पोलीस ठाण्यात नोंद, हातात ताजा फोटो. मग देवाला हात जोडा, त्याला कुणाची ना नाही.

टीव्हीवरचा चमत्कार आणि कोर्ट

आपल्या देशात २०१२ मध्ये निर्मल बाबांचे समागम डझनावारी चॅनलवर दिसायचे. माणशी दोन हजार रुपये नोंदणी, वर उत्पन्नाचा दहावा भाग. उपाय काय, तर अमुक खा, तमुक रंगाचं पाकीट ठेवा, 'कृपा' तिथं अडकली आहे. तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदले गेले. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आली नव्हती, की बातमीसारखा दिसणारा तो कार्यक्रम पैसे भरून दाखवलेली जाहिरात होता.

याबद्दल महाराष्ट्रातलाच एक निकाल महत्त्वाचा आहे. टीव्हीवर 'हनुमान चालीसा यंत्रा'च्या जाहिराती यायच्या. घरात ठेवलं की आजार जातो, धंदा वाढतो, असे दावे. औरंगाबादच्या एका शिक्षकानं २०१५ मध्ये हायकोर्टात याचिका केली. ५ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं निकाल दिला. देवाचं किंवा बाबाचं नाव लावून चमत्कारी गुण सांगत यंत्र विकणं आणि त्याची टीव्हीवर जाहिरात करणं, हे जादूटोणाविरोधी कायद्याच्या विरोधात आहे, असं न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी स्पष्ट केलं. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवायला यंत्रणा उभारा, असाही आदेश दिला. एका शिक्षकाच्या याचिकेनं हे झालं, हे लक्षात ठेवा.

कायदा काय म्हणतो, काय म्हणत नाही

या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात कायदा मंजूर झाला. खुनाच्या खटल्याचा निकाल लागला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. अकरा वर्षं गेली.

हा कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे असं अजून सांगितलं जातं. तसं नाही. पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यातच स्पष्ट सूट आहे. जोतिष सांगणं, वास्तूचा सल्ला, इतकंच काय बोअरसाठी पाणी कुठं लागेल हे सांगणंही सूट दिलेल्या यादीत आहे. पाणाड्यानं दाखवलेल्या जागी बोअर कोरडी गेली तर या कायद्यानं पैसे परत मिळत नाहीत, तिथं आपलं डोकंच वापरायचं.

गुन्हा कशाला म्हणतात? तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणं आणि त्यातून लोकांना फसवणं, घाबरवणं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके देणं. साप, विंचू किंवा कुत्रं चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.

मग माणसं का जातात?

जाणारा प्रत्येक जण मूर्ख असतो, असं म्हणणं सोपं आहे आणि चूकही. दवाखान्यात दोन तास रांगेत बसून दोन मिनिटं बोलायला मिळतात. तहसीलला चार हेलपाटे मारूनही काम होत नाही. तिथं हजारोंच्या गर्दीत कुणीतरी आपलं नाव घेऊन म्हणतं, "तुझं दुःख मला माहीत आहे." रडणाऱ्या बाईचे अश्रू खरे असतात. प्रश्न अश्रूंचा नाही, त्यावर कोण काय विकतं याचा आहे.

आणखी एक गोष्ट. त्याच बागेश्वर धामात २३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कॅन्सर हॉस्पिटलचा पायाभरणी समारंभ झाला. चांगलं काम आहे, स्वागतच करायला हवं. पण त्याचा अर्थही समजून घ्या. कॅन्सरला डॉक्टर लागतो, मशीन लागतं, औषध लागतं, हे धामालाही मान्य आहे. मग आपल्या घरातल्या माणसाला गाठ दिसली तर आधी सोलापूरचं सिव्हिल की आधी चिठ्ठी, याचं उत्तर मिळालंच.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की पुढं पाठवायच्या आधी तीन प्रश्न विचारा. याची माहिती आधी कुठून मिळू शकली असती? चुकलेली उत्तरं कुठं आहेत? आणि परीक्षा घ्यायची म्हटल्यावर हा माणूस तयार होतो की जागा, तारीख, अटी बदलतो? बाजारात म्हैस घेताना आपण दात बघतो, धार काढून बघतो, मगच पैसे देतो. आपल्या लेकराचा आजार आणि घरचा पैसा म्हशीपेक्षा स्वस्त नाही.