घरांतील संकर-सायकल

सायकल ही वस्तु आपल्या घराण्यांतून दोन वेळां आली, असें म्हटल्यास चालेल. पहिल्या खेपेस ती निकड म्हणून आली. दुसऱ्या खेपेस ती हौस म्हणून येत आहे. आमच्या शाळकरी वयांत पुण्यास सायकलींचें शहर म्हणत. शाळामास्तर, कारकून, वकील, कॉलेजांतील मुली, सारे दोन चाकांवरूनच जात-येत. नगरपालिका सायकलीवर कर घेई व त्याचा बिल्ला सायकलीस लावावा लागे. रात्रीं दिव्यावांचून किंवा डबलसीट जाणारास पोलीस अडवी. पुढें स्कूटरी आल्या, मोटारी आल्या आणि सायकल जिन्याखालीं गेली. आतां ती गिअर व भारी किंमत घेऊन परत आली आहे, आणि तिच्याबरोबर घरोघर एक लहानसा तंटाहि आला आहे. ‘आतां या वयांत?’, ‘पेट्रोल परवडत नाहीं असें लोक म्हणतील’, ‘रस्ते का आतां सायकलीचे राहिले आहेत?’ हीं तीन वाक्यें ज्या घरांत ऐकूं आलीं नाहींत असें घर विरळा. त्यांचा विचार आज करूं.

दुकानांत हिला ‘हायब्रीड’ म्हणतात. आपण संकर म्हणूं. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे कीं, अलंकारांचें मिश्रण दोन प्रकारचें असतें. तीळ आणि तांदूळ एकत्र केले तरी वेगळे ओळखूं येतात, ती संसृष्टि. दूध आणि पाणी एकत्र केलें म्हणजे निवडतां येत नाहीं, तो संकर. ही सायकल या दुसऱ्या प्रकारची आहे. तिचें चाक शर्यतीच्या सायकलीप्रमाणें मोठें. हँडल मात्र डोंगरी सायकलीप्रमाणें सरळ. शर्यतीच्या सायकलीचा टायर बहुधा २५ ते २८ मिलिमीटर रुंद, डोंगरी सायकलीचा ५० हून अधिक. हिचा ३५ ते ४५ च्या दरम्यान. त्यामुळें ती खड्डा सोसते आणि डांबरी रस्त्यावर जडहि वाटत नाहीं. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यानें साखळीनें मागील चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर आणला. सांगाडा मूलतः तेव्हांपासूनचाच आहे. डोंगरी सायकल १९७० नंतर कॅलिफोर्नियांत रूढ झाली, आणि हा संकर त्यापुढील दशकांतला.

गिअरचें मर्म त्रैराशिकानें कळतें. पुढील चक्रास ४८ दाते व मागील चक्रास १६ असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीनदां फिरतें. चाकाचा परीघ सुमारें २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यास साडेसहा मीटरांहून थोडें अधिक. पुढें २८ व मागें ३४ दाते घेतले, तर चाक एक फेराहि पुरा करीत नाहीं, सायकल १.८ मीटरच सरते. अंतर कमी, परंतु पायास लागणारा जोरहि त्याच प्रमाणांत कमी. जुन्या सायकलीस एकच प्रमाण असे. चढ आला कीं उतरून ती हातांत धरून चालावें लागे. कोथरूडाहून चांदणी चौकाकडे चढणाऱ्या साठीच्या गृहस्थास हा फरक पुस्तकाविना समजतो. मात्र गिअर चढ लागण्यापूर्वीं, पाय फिरत असतांना बदलावा. ऐन जोरांत बदलला तर साखळी कुरकुरते आणि कित्येकदां उतरते.

विकत घेतांना गृहस्थानें दुकानदाराच्या स्तुतीपेक्षां जें सायकलीस नाहीं त्याकडे लक्ष द्यावें. पुष्कळ संकर-सायकलींस मडगार्ड नसतात, कॅरिअर नसतो, साखळीवर झांकण नसतें. आपल्याकडील पाऊस, डबा, ओढणी आणि लेंगा यांची ओळख ठेवून त्या घडविलेल्या नाहींत. हीं अंगें आधीं बसवून घ्यावींत. दुसरें, कांहींच्या ट्यूबला बारीक ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्ह असतो. वालट्यूबच्या काळापासूनचा कोपऱ्यावरचा पंप त्यास बसत नाहीं. त्यासाठीं मिळणारा लहानसा पितळी जोड खिशांत असावा. हवेचें प्रमाण टायरच्या कडेवर छापलेलें असतें. सीटची उंची अशी ठेवावी कीं, पायडल अगदीं खालीं गेलें असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील. एकत्र कुटुंबांत एकच सायकल चौघे वापरतात. सीट वरखालीं करतां येते, पण सांगाड्याचें माप बदलत नाहीं. तें जो सर्वांत अधिक वापरणार त्याच्या अंगाचें घ्यावें. जो सर्वांत वडील त्याच्या नव्हे.

आतां मुख्य गोष्ट. आमची सून कोथरूडाहून डेक्कनकडील कचेरीस, साडेपांच किलोमीटर, अशाच सायकलीवर जाते. गेल्या पावसाळ्यांत रस्त्यावरच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर तिचें चाक घसरलें व मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्यें होता. तेवढ्यांत सायकल विकण्याचा ठराव घरांत जवळजवळ एकमतानें झाला. सर्वांचें बोलून झाल्यावर तिनें शांतपणें विचारलें, “बाबा, तीन वर्षांपूर्वीं ह्यांचा स्कूटरवरून पडून पाय मोडला, तेव्हां स्कूटर विकायची गोष्ट कुणी काढली होती का?” उत्तर कोणासच सुचलें नाहीं. आम्हांस प्रश्न न्याय्य वाटला व तसें आम्हीं सर्वांदेखत सांगितलें.

भय खोटें नाहीं. सायकलस्वारास भोंवतीं पत्रा नाहीं, आणि बसगाड्या त्याच्या कोपराजवळून जातात. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकलींसाठीं सविस्तर आराखडा मंजूर केला. परंतु कागदावरील मार्ग आणि चाकाखालील मार्ग यांतलें अंतर रोज जाणारासच कळतें. तथापि भय सर्वांस सारखें लावलें तर तो विवेक. एकट्या सुनेस किंवा एकट्या म्हाताऱ्यास लावलें तर तो निव्वळ धाक. म्हणून विकण्याचा विषय बाजूस ठेवून आम्हीं ती पडली कशी हें विचारलें. पट्टा ओला होता हें खरें. पण ती घाईंत होती. घाई कशाची, तर दोन डबे भरून आणि मुलास शाळेच्या गाडींत बसवून तिला निघावें लागे. आतां डबे चिरंजीव भरतात, मुलास आम्ही पोंचवितों, आणि ती पंधरा मिनिटें आधीं निघते. मोठा रस्ता टाळून आंतल्या गल्ल्यांनीं जाते. अंतर अर्धा किलोमीटर वाढलें. डोक्यास हेल्मेट, मागें तांबडा दिवा, दर रविवारीं ब्रेकची तपासणी. आणि धो धो पाऊस असेल त्या दिवशीं बस.

आमचें स्वतःचें म्हणाल तर रविवारीं पहांटे नातवाबरोबर पाषाणच्या तळ्यापर्यंत जाऊन येतों. त्या वेळीं रस्ता मोकळा असतो. तळ्याकांठीं बगळे दिसतात आणि नातू घरीं न विचारलेले प्रश्न विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस, पासष्टीपुढील मंडळींसहि, आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. सुनेच्या जाण्यायेण्यास प्रत्येक खेपेस पंचवीस मिनिटें लागतात. पांच दिवसांचीं २५० झालीं. तिला व्यायामासाठीं वेगळी सवड काढावी लागत नाहीं, आणि संसारी स्त्रीस ती मिळतेहि क्वचित्. वयस्करांनीं मात्र गुडघे, रक्तदाब आणि तोल यांविषयीं वैद्यांचें मत घेऊनच आरंभ करावा. सुरुवात मोकळ्या मैदानांत करावी.

राहिला लोक काय म्हणतील हा प्रश्न. त्यांनीं कांहींहि म्हटलें तरी पेट्रोलचे पैसे ते देत नाहींत व गुडघेहि त्यांचे नव्हेत. ज्या घरांत हा तंटा चालू असेल तेथील वडील मंडळींस आमची विनंति इतकीच कीं, ‘जाऊं द्यावें कीं नाहीं’ हा प्रश्न सोडून ‘सुखरूप कसें जाईल’ हा प्रश्न हातीं घ्यावा. पहिल्याचें उत्तर एकटा वडील देऊं शकतो. दुसऱ्यास साऱ्या घराला हात लावावा लागतो.