‘आपल्याले तं सवय आहे’ : वऱ्हाडातले ऊन, थंडी आणि सवयीचे राजकारण

मे महिन्यात अकोल्याच्या तापमानाचा आकडा टीव्हीवर झळकला की एक वाद हमखास सुरू होतो. चहाच्या टपरीवर, अभ्यासिकेत, विहाराच्या ओट्यावर. ऊन जास्त वाईट की थंडी? एक म्हणतो, थंडी परवडली, दोन गोधड्या घेतल्या की भागते. दुसरा म्हणतो, ऊन परवडले, कूलर लावला की भागते. मग कोणीतरी शहाणा शेवटचा शब्द टाकतो, "आपल्याले तं उन्हाची सवय आहे राजेहो, आपल्याले काय होते!" सगळे हसतात आणि विषय संपतो.

आमचा आक्षेप याच शेवटच्या वाक्यावर आहे. कारण ‘सवय’ हा शब्द आम्ही पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. मैला उचलणाऱ्याला वासाची सवय असते. गावकुसाबाहेरच्यांना चिखलाची सवय असते. मेलेले ढोर ओढणाऱ्याला कशाचेच काही वाटत नाही. ज्याच्यावर त्रास लादला आहे त्याला तो सोसण्याची सवय आहे असे एकदा म्हटले, की लादणाऱ्याची जबाबदारी संपते. बाबासाहेबांनी आपल्याला सर्वात आधी ही सवय मोडायला शिकवले. म्हणून ऊन की थंडी या प्रश्नाचे उत्तर आम्ही सरळ देतो : वऱ्हाडात ऊन जास्त कठीण आहे. मात्र त्याचे कारण थर्मामीटरमध्ये शोधून सापडणार नाही.

आधी तो आकडा समजून घेऊ. हवामान खाते तापमान मोजते ते पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकावर. म्हणजे अकोल्याचे ४५ अंश हे सावलीतले ४५ अंश असतात. कापूस बाजारात गाठी उचलणारा हमाल, ठिय्यावरून उचललेला मजूर, बडनेऱ्याकडच्या रस्त्यावर डांबर टाकणारी बाई, शेतात पऱ्हाट्या उपटणारी आई, यापैकी कोणीही त्या पेटीत काम करत नाही. वर सूर्य, खाली तापलेली जमीन किंवा उकळते डांबर, आणि अंगातली मेहनत स्वतःच उष्णता तयार करत असते. त्यांचे तापमान कोणी मोजतच नाही. जे मोजले जात नाही त्यावर धोरणही ठरत नाही.

आता शरीराचे गणित. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. थंडीत शरीर उष्णता तयार करू शकते. आपण कुडकुडतो, हालचाल करतो, गरम भाकर खातो, पांघरतो, शेकोटी पेटवतो. पण बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम झाली की शरीराकडे थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. वऱ्हाडातली उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे घाम आल्याआल्या उडतो. अंग ओले दिसत नाही, पण पाणी आणि मीठ जातच राहते. ते भरून निघाले नाही तर घाम आटतो, शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस बरळायला लागतो आणि कोसळतो. हाच उष्माघात. पाण्याशिवाय त्याची कसलीही ‘सवय’ होत नाही. रोज थोडे थोडे वाढवत नेलेल्या उन्हाशी शरीर काही प्रमाणात जुळवून घेते हे खरे, पण त्यासाठीही पाणी, विश्रांती आणि रात्रीचा गारवा लागतो. आणि ज्याचे घर टिनाचे आहे त्याच्या घरात रात्रीही गारवा उतरत नाही.

इथे मुद्दा येतो. थंडीवरचा उपाय गरिबाला काही अंशी घरी करता येतो. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून आपल्याला वाढवले आहे. उन्हावरचे उपाय कोणते? पाणी, सावली, वीज आणि दुपारची सुट्टी. यातली एकही गोष्ट सुईदोऱ्याने शिवता येत नाही. या चारही गोष्टी समाजाने आणि शासनाने वाटायच्या असतात. आणि आपल्या समाजाने पाणी कसे वाटले, हे आम्ही कोणाला वेगळे सांगण्याची गरज आहे काय?

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालची आठवण लिहिली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते घरातल्या इतर मुलांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर जात कळली आणि सगळे बदलले. जवळ शिदोरी होती, पण पाणी कोणी देईना. मुलांनी ती रात्र उपाशी काढली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, ते उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, हिवाळ्याच्या तोंडावर, आपल्या अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न पुढे आला. आपल्या चळवळीने ऋतू पाहून लढा दिला नाही. पण पाण्याचा लढा आणि उन्हाचा लढा हा एकच आहे, एवढे त्यातून समजले पाहिजे.

हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले असे ज्यांना वाटते, त्यांनी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात यावे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. हापशी आहे, पण ते पाणी पिऊन तहान भागत नाही आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी मागे लागतात. मे महिन्यात नळयोजनेचे पाणी लांबले की ज्याच्याकडे पैसे आहेत तो कॅन विकत घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो खारे पाणी पितो आणि त्याच पाण्यावर उन्हात घाम गाळतो. एकाच गावात, एकाच तापमानात, दोन वेगळे उन्हाळे असतात.

आता विरोधी बाजू. काही अभ्यासू मित्र सांगतात की जगात उन्हापेक्षा थंडीने जास्त माणसे मरतात. ही गोष्ट खोटी नाही. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ मध्ये २०२१ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात तापमानाशी जोडलेले बहुसंख्य मृत्यू थंडीशी संबंधित आढळले. पण त्याच अभ्यासात २००० ते २०१९ या काळात थंडीशी जोडलेल्या मृत्यूंचे प्रमाण घटताना आणि उन्हाशी जोडलेल्या मृत्यूंचे वाढताना दिसले आहे. शिवाय असे अभ्यास मृत्यू मोजतात. बुडालेली मजुरी, उन्हात काम करून खराब झालेले मूत्रपिंड, दुपारी काम सोडले म्हणून उद्या ठेकेदाराने न बोलावणे, हे त्यात येत नाही. आणि ज्याच्या मृत्यूच्या कागदावर ‘हृदयविकार’ एवढेच लिहिले जाते, त्याचे ऊन कोण मोजणार? अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर संशोधकांनी एकूण मृत्यूंची मागच्या वर्षांशी तुलना केली तेव्हा एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्या हिशोबानंतरच २०१३ साली तिथे उष्णता कृती आराखडा आला. आधी मोजले, मग शासन हलले.

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. थंडी सोपी आहे असे आम्ही म्हणत नाही. डिसेंबर-जानेवारीत शेतीला रात्रीची वीज मिळते, तेव्हा गहू-हरभऱ्याचे ओलीत करायला मध्यरात्री पाण्यात पाय घालून कोण उभा असतो? बहुतेक वेळा सालदार, नाहीतर अल्पभूधारक. चिखलदऱ्याच्या थंडीला पर्यटक ‘गुलाबी’ म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी वऱ्हाडच्या उन्हातून सुटायला तिथे बंगले बांधले, आजचे पैसेवाले रिसॉर्ट बांधतात. त्याच मेळघाटातल्या कोरकू घरात कमी वजनाच्या बाळाला तीच थंडी गुलाबी वाटत नाही. ६ डिसेंबरला दादरला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला उघड्यावर रात्र काढणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना थंडी काय ते ठाऊक आहे. म्हणजे थंडीही माणसे निवडूनच झोंबते. रात्री वीज द्यायची हा निर्णय निसर्गाने घेतलेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वात लबाड आहे : "सूर्य जात पाहत नाही." बरोबर, सूर्य पाहत नाही. पण उन्हात कोणी काम करायचे आणि सावलीत कोणी बसायचे, हे ठरवताना जात पाहिली जाते. बेंगळुरूच्या आयआयएममधील संशोधकांनी सरकारी श्रमबल सर्वेक्षण आणि तापमानाच्या नोंदी एकत्र ठेवून हेच दाखवले आहे की उघड्यावरच्या कामाचे तास दलित-आदिवासींच्या वाट्याला जास्त येतात. ठिय्यावर सकाळी सात वाजता उभे राहिलात तर त्यासाठी संशोधनाची गरज पडणार नाही.

आता शासनाकडे वळू. केंद्राच्या आपत्ती मदत निधीसाठी २०२१ ते २०२६ या काळात ज्या १२ आपत्तींची यादी लागू होती, तिच्यात थंडीची लाट आहे, गारपीट आहे, हिमस्खलनसुद्धा आहे. उष्णतेची लाट नाही. पंधराव्या वित्त आयोगाने यादी वाढवण्याची गरज नाही असे म्हटले. ऊन की थंडी हा टपरीवरचा वाद दिल्लीने असा सोडवला आहे!

मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला तेव्हा अकोल्यात प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लावले. आस्थापनांनी कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे द्यावेत, खासगी शिकवणीवर्गांनी वेळा बदलाव्यात, असा आदेश निघाला. पाऊल चांगले होते. पण ठिय्यावरच्या मजुराची आस्थापना कोणती? शेतमजुराला पंखा कोण लावणार? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे ऊन पाहून वेळापत्रक बदलता येते हे शासनाला माहीत आहे. मग मजुराचे वेळापत्रक का बदलत नाही? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामाच्या जागेच्या तापमानाचे कलम होते. भिंतीच्या आतल्या कामगाराला जे मिळाले ते भिंतीबाहेरच्याला अजून मिळायचे आहे. आणि २१ मार्च २०२४ रोजी माळढोक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये आहे असे म्हटले. संविधानातला हा हक्क ठिय्यापर्यंत नेण्याचे काम आपले आहे.

म्हणून तरुणांनो, वाद घालून झाला असेल तर कामे वाटून घेऊ.

एक, आपल्या वस्तीतल्या टिनाच्या घरांची, एकट्या म्हाताऱ्यांची आणि गरोदर बायांची यादी मार्चमध्येच तयार करा. दोन, महापालिका आणि ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकारात विचारा : उष्णता आराखडा आहे काय, ठिय्यावर पाणी आणि सावलीची सोय किती ठिकाणी आहे, त्यावर किती खर्च झाला. तीन, दुपारी १२ ते ४ काम बंद आणि त्या वेळेची मजुरी चालू, ही मागणी लेखी द्या. मजुरीशिवायची सुट्टी म्हणजे उपासमार. चार, कोणी उन्हात कोसळला तर त्याचे काम, वेळ आणि जागा लिहून ठेवा, दवाखान्याच्या कागदावर उष्माघाताची नोंद मागा. पाच, विहार दुपारी उघडा ठेवा. सावली, माठ आणि वर एक पंखा, एवढ्याने कोणाचा तरी जीव वाचतो.

आणि सहावी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या शासकीय सोहळ्यात भर उन्हात बसवलेल्या लोकांपैकी १४ जणांचा बळी गेला. मंचावर सावली होती, समोर नव्हती. आपण त्यावर योग्य टीका केली. पण १४ एप्रिलला भर दुपारी निघणाऱ्या आपल्या मिरवणुकीत नेता छत्रीखाली आणि लेझीम खेळणारी पोरे डांबरावर असतील, तर ती टीका आपल्यालाही लागू होते. मिरवणूक संध्याकाळी काढा. डीजेच्या पैशातून पाण्याच्या टाक्या भरा.

पुढच्या वेळी ओट्यावर कोणी म्हणाले, "आपल्याले तं सवय आहे," तर हसू नका. त्याला विचारा, "कोणी लावली?"

जय भीम!