जवळची गोळी नेहमीच खोल जात नाही




‘गोळी जितक्या जवळून सुटेल तितकी खोल शिरते’, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ठामपणे लिहिले आहे. पोलादापुरते ते ठीक. लाकडाने मात्र हा नियम कधीच मोडीत काढला आहे.

अमेरिकी लष्करातले शस्त्रतज्ज्ञ ज्युलियन हॅचर यांच्या 1947 सालच्या ‘हॅचर्स नोटबुक’मध्ये ओकच्या लाकडावरील चाचण्या नोंदवल्या आहेत. रायफलीची गोळी 200 यार्डांवरून जेवढी खोल शिरली, त्याच्या निम्मीही 50 फुटांवरून शिरली नाही. कारण नळीतून सुटताना गोळी नुकत्याच सोडलेल्या भोवऱ्यासारखी किंचित डगमगत असते; थोडे अंतर कापल्यावर फिरकी तिला सावरते. डगमगती गोळी लाकडात आडवी होते. त्यात वेगही जास्त, म्हणून तिचे कवच फाटते, आतले शिसे पसरते आणि ती लवकर अडते. पातळ पोलादी पत्र्यात आडवे व्हायला तिला सवडच नसते. तिथे सगळा खेळ वेगाचा.

वाळूतही गोळी अशीच कलंडते, म्हणून पहिल्या महायुद्धात खंदकांच्या काठावर वाळू-मातीची पोती रचत. उलट चित्रपटांतले नायक मोटारीच्या दाराआड निर्धास्त बसतात! तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. रायफलीची गोळी सहज आरपार जाते. इंजिनाचा ओतीव ठोकळा असेल तर गोष्ट वेगळी.

कठीण पोलादी गाभ्याच्या चिलखतभेदी गोळ्यांचे मात्र तसे नाही. तो गाभा पसरत नाही, त्यामुळे वरचे शिशाचे स्पष्टीकरण त्याला लागू नाही.

– एक वाचक, पुणे